खिंडार

सीथवेटच्या शेवटच्या घरापाशी रस्ता संपतो,
आणि पाऊस तिथूनच निघतो, म्हणतात.
मी पोचले तेव्हा तो आडवा चालला होता,
कोणाकडे न बघता, घाईत असलेल्या माणसासारखा.

आई फोनवर म्हणाली होती,
आजऱ्यात काय पाऊस कमी पडतो
तर पेट्रोल जाळून दुसऱ्यांचा बघायला जातेस?
मी म्हटलं, पाऊस नाही गं, डोंगर.

डोंगर नव्हता.

तिवई रोवली. तिचा एक पाय सारखा ओहोळात घसरायचा.
एक हात छत्रीला, एक कॅमेऱ्याला,
काच पुसायला तिसरा हवा होता.
पुसली की वाफ, वाफ गेली की थेंब.
फडकं भिजलं, मग आतल्या सदऱ्याचं टोक,
मग तेही.
समोर पांढरं, त्याच्यामागे जरा कमी पांढरं.
आत्ता उघडीप येईल, आत्ता येईल, म्हणत
साडेतीन तास मी त्याचेच फोटो काढले.
एकशे बारा.

सोमवार ते शुक्रवार, कार्लाइलच्या इस्पितळात,
मी माणसांची हाडं टिपते.
श्वास घ्या. धरा. सोडा.
करड्यातलं करडं निवडायची डोळ्यांना सवय आहे,
डॉक्टरच्या आधी मला चीर दिसते, केसाएवढीसुद्धा.
म्हणून तर रविवारी रंगासाठी निघते:
गंजल्यासारखा नेचा, छपराची ओली पाटी,
उन्हाची एक तिरीप मिळाली तरी पुष्कळ.

हिल्डा बर्केट कुत्र्याला हाका घालत आली.
सत्तरीची, टोपीच्या काठाला पागोळ्या.
काय दिसतंय?
काही नाही.
बघू तरी.
मग त्याच छत्रीखाली डोकी घालून
मी एकेक पांढरं पुढे सरकवत गेले,
गृहपाठ न केलेल्या पोरीनं
बाईंना कोरी वही दाखवावी तसं.

चाळिसाव्याला ती म्हणाली, थांब.
मोठं कर. अजून.
हा माझा गडगा.
तिचा शब्द निराळा होता. पण दगडावर दगड,
ना चुना ना माती, नुसतं एकमेकांचं ओझं,
त्याला आमच्याकडे गडगाच म्हणतात.
आणि हे बघ, इथे पडलाय.
काल संध्याकाळी धड होता.

मी डोळे ताणले.
पांढऱ्यात एक पुसट रेघ,
आणि रेघेत हातभर जागा, जिथे रेघ नाही.
ती टिपून मी पुढे गेले होते.
तिच्यावर आणखी बहात्तर काढले होते.

यान, टान, टेथेरा, हिल्डा बोटांवर मोजू लागली,
मेंढरांसाठी त्यांचे आकडे वेगळे.
तरीच सात कमी, म्हणाली,
आणि चढू लागली, सरळ त्या कमी पांढऱ्यात.
तिवई, कॅमेरा, उलटलेली छत्री, सगळं तिथेच टाकून
तिच्या पिवळ्या कोटामागे मीही.

दगड थंड होते, मासळीसारखे निसटते.
मी एक उचलला, नको वाटला, ठेवायला गेले.
तसं नाही करायचं, ती ओरडली, वारा कापत,
उचललास की त्याची जागा शोधायची,
तोवर हातातून सोडायचा नाही.
रुंद खाली. लांबट आत. कपच्या पोटात.
नखाखालून रक्त आलं ते पावसानंच धुतलं.
बोलणं काही फारसं झालं नाही.
तिनं विचारलं, तुझ्याकडे मेंढरं आहेत?
मी म्हटलं, आजोबांच्या दोन म्हशी होत्या.
ती म्हणाली, म्हशीला उंच लागेल.

चार थर झाले असतील, पाचवा चालू होता,
आणि पाठीमागे काहीतरी उजळलं.
गडग्यावर अचानक आमच्या सावल्या पडल्या,
दोन, वाकलेल्या, कडा अगदी स्वच्छ.
कुत्रं दरीकडे तोंड करून गप्प उभं राहिलं.

मी वळले नाही.
माझ्या हातात दगड होता.